चौविहाराची घाई आणि मिक्सरची वायर



डिसेंबरात आपल्या नाशिकला सूर्य सहाच्या सुमारासच मावळतो. चौविहार करणाऱ्या घरात पाच वाजता काय पळापळ असते ते तुम्हाला सांगायला नको. भिजवलेली मुगाची डाळ वाटायची, कोथिंबिरीची चटणी करायची, दाण्याचं कूट नेमकं संपलेलं. मिक्सर बंद पडतो तोही याच वेळी. आणि माझ्या मते खरा धोका मिक्सर चालू असताना कमी आणि मधेच बंद पडल्यावर जास्त असतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे तसंच झालं. डाळ घट्ट होती, मिक्सर घरघरला आणि थांबला. जाऊबाईंनी झाकण काढून बोटांनी डाळ सैल करायला घेतली. बटण तीनवरच होतं. मदतीला आलेला पुतण्या मिक्सर तिरपा करून खालचं लाल बटण दाबणार, एवढ्यात सासूबाईंनी बोर्डावरचा प्लग ओढला. "आधी वायर काढा, मग हात घाला," एवढंच त्या म्हणाल्या. तो क्षण आठवला की अजून अंगावर काटा येतो.

ते लाल बटण म्हणजे ओव्हरलोड स्विच. भांड्यात फार भरलं किंवा वाटण घट्ट असलं की मोटर जास्त वीज ओढते, तापते. आतली तांब्याची तार जळू नये म्हणून हा स्विच वीज तोडतो. पण पुढचं बटण आपण ठेवलं तिथेच राहतं, म्हणून लाल बटण दाबताच पातं फिरू लागतं. मोकळं असताना ते मिनिटाला साधारण 18 ते 20 हजार फेरे घेतं. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही.

म्हणून आमच्या घरचा क्रम आता ठरलेला आहे. बटण शून्यावर, बोर्डाचं बटण बंद, प्लग बाहेर, भांडं खाली उतरवायचं. थोडं वाटण काढून घ्यायचं, लागलं तर पाणी घालायचं, मोटर थंड होऊ द्यायची आणि मगच लाल बटण. वाटण हलवायला बोटं नाहीत, उलथनं.

आपल्या देशी वाटणासाठी दणकट मिक्सर हवा, हे एका गृहिणीच्या अडचणीतूनच पुढे आलं. माधुरी माथुर यांचा परदेशी मिक्सर बिघडला आणि त्यांचे इंजिनिअर पती सत्यप्रकाश माथुर यांनी स्वतःच मिक्सर तयार केला. तोच 1963 साली आलेला 'सुमीत'. तरी दणकट मिक्सरलाही विश्रांती लागते. किती मिनिटं सलग चालवायचा ते सोबतच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

घरच्या घरी काय ओळखता येतं, तेही सांगते. मोटरचा आवाज येतो पण पातं फिरत नाही, तर भांड्याखालच्या कपलरचे दाते झिजलेत. भांड्याखाली ओल दिसली तर पात्याजवळून गळती आहे. ते भांडं वापरू नका, पाणी मोटरीत उतरतं. पातं अडकलं असेल तर भांडं उतरवून खालची चक्री हाताने फिरते का पाहा. जळका वास किंवा मोठ्या ठिणग्या म्हणजे कार्बन ब्रश किंवा मोटरचं काम, ते दुरुस्तीवाल्या दादांकडेच. चिरलेल्या वायरला चिकटपट्टी लावून काम भागवू नका, वायरच बदला. मिक्सरला हात लावताच झिणझिण्या आल्या तर परत हात लावून खात्री करू नका. मेन स्विच बंद करा, मग प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला अर्थिंग तपासायला सांगा. घराच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी असलं तर गळणारी वीज क्षणात तुटते. ते चालतंय ना हे त्याच्यावरचं 'टेस्ट' बटण दाबून अधूनमधून पाहावं.

गरम सांबार किंवा टोमॅटो लगेच वाटू नका. वाफ कोंडून झाकण उडतं. आणि मोटरचा भाग नळाखाली धुवायचा नाही. प्लग काढून, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचा.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. पिठीसाखर दळली की मुंग्या मिक्सरच्या खालच्या जाळीत शिरतात, उबेला झुरळंही बसतात. फवारा मारायचा विचार आपण करणार नाही, पण तसाच मिक्सर सुरू केला तरी हिंसा व्हायचीच. प्लग काढून मिक्सर कागदावर ठेवा, मऊ पूंजणीने जाळी हळू झाडा, थोडा वेळ थांबा. जीव आपणहून निघून जातात. शेगडी पेटवण्याआधी आपण पूंजून घेतो, पाणी गाळून घेतो, तीच जयणा इथेही. वाटून झालं की जाळी आणि ओटा कोरडा पुसला तर मुंग्या येतच नाहीत.

हिवाळ्यात मी कूट आणि कोरडे मसाले दुपारीच करून ठेवते. संध्याकाळी मिक्सरला फक्त डाळ आणि चटणी. एखाद्या दिवशी तोही अडून बसला तर चटणीशिवाय जेवतो आम्ही. तुमच्याकडे मुलं किंवा नवीन सूनबाई मिक्सर वापरत असतील, तर आज त्यांना ते लाल बटण दाखवा आणि प्लग कधी काढायचा तेही सांगा.