पानगळीच्या देशातील चातुर्मास

आपल्याकडे शरद ऋतू म्हणजे पावसाळ्याचा निरोप. भाद्रपद सरता सरता आभाळ निवळते, बाजरीची कणसे भरतात, आश्विनात ऊन चटका देऊ लागते आणि दिवाळीच्या तोंडावर बाजारात नवा माल येतो. नगरच्या भुसार बाजारात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आमच्यासारख्यांना हा ऋतू आठवतो तो पोत्यांच्या थप्प्यांवरून. पानगळ आपल्याला शिशिरात भेटते, तीही फारशी कोणाच्या लक्षात न येता. उत्तरेकडच्या कॅनडात मात्र शरद हाच पानगळीचा ऋतू. तिकडे तो गुपचूप येत नाही. सारे रान पेटल्यासारखे लाल-पिवळे होते आणि महिन्याभरात झाडे उघडी पडतात.

गेल्या वर्षी आषाढापासून कार्तिकापर्यंत मी टोरांटोला चिरंजीवांकडे होते. म्हणजे पुरता चातुर्मास तिकडे गेला. आणि तो गुरुमहाराजांवाचून गेला. आपल्या साधु-साध्वींचा विहार पायी असतो, वाहन वर्ज्य असते. त्यामुळे समुद्रापलीकडच्या श्रावकांना चातुर्मास लाभत नाही. ही अडचण आजची नव्हे. १८९३ च्या सप्टेंबरात शिकागोला सर्वधर्मपरिषद भरली, तेव्हा निमंत्रण पूज्य आत्मारामजी महाराजांना होते. परंतु मुनिधर्माच्या मर्यादेमुळे त्यांना जाता येईना. त्यांनी वीरचंद राघवजी गांधी यांना पाठवले. वीरचंदभाई दीक्षित नव्हते; अवघ्या २९ वर्षांचे गृहस्थ श्रावक होते. पुढे १९८० मध्ये आचार्य तुलसींनी समण श्रेणी सुरू केली, तेव्हापासून समणीजी परदेशी जाऊ लागल्या. तरीही प्रत्येक गावाच्या वाट्याला त्या कशा याव्यात? तेव्हा उत्तर अमेरिकेतील धर्म मुख्यतः श्रावक-श्राविकांच्याच हाती राहिला आहे.

आपल्याकडे ज्या गावी चातुर्मास नसतो, तेथे पर्युषणात स्वाध्यायी पाठवण्याची प्रथा आहे. मी तीस वर्षे पाठशाळा घेतली, चार-पाच गावी स्वाध्यायी म्हणूनही गेले. टोरांटोच्या मंडळींना हे कळताच त्यांनी मला मोकळे बसू दिले नाही. दर रविवारी एका शाळेचे सभागृह भाड्याने घेतलेले असे. तेथे वीस-बावीस मुलांची पाठशाळा आणि मोठ्यांचे सामायिक होई. पर्युषणात अंतगड सूत्राचे वाचन आळीपाळीने चाले. कोणी संगणकाचा अभियंता, कोणी औषधांच्या दुकानात काम करणारी, एक गृहस्थ तर शहराची बस चालवणारे. मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी आणि इंग्रजी अशा पाच भाषांतून एकच 'मिच्छामि दुक्कडम्' होत असे.

तिकडचा सूर्य धर्माची परीक्षा पाहतो, हे मला तेथे गेल्यावर समजले. आषाढात मी पोहोचले तेव्हा सूर्यास्त रात्री नऊला होता. चौविहारासाठी मुलांना जेवायला बोलावताना हसू येई. सप्टेंबर संपताना तो सातवर आला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी टोरांटोत घड्याळे एक तास मागे घेतात आणि एकदम पाचच्या सुमारास दिवस मावळू लागतो. डिसेंबरात तर पावणेपाचही वाजत नाहीत. कचेऱ्या सुटायच्या आधी जेवण उरकावे लागते. बस चालवणाऱ्या त्या श्रावकांनी विसाव्याची वेळ साडेचारला यावी म्हणून आपली पाळी बदलून घेतली होती. डबा बसमध्येच, चालकाच्या आसनावर उघडायचा. त्यांना कोणी पाहणारे नव्हते, आणि न पाळल्यास विचारणारे तर मुळीच नव्हते.

संवत्सरीनंतरच्या एका रविवारी आम्ही मुलांना घेऊन ओंटारिओ सरोवराच्या काठी गेलो. गोल्डनरॉडच्या पिवळ्या फुलांवर मोनार्क नावाची नारिंगी-काळी फुलपाखरे शेकड्यांनी उतरली होती. दरवर्षी शरदात ती दक्षिणेकडे निघतात आणि सुमारे ४,००० किलोमीटर उडून मेक्सिकोच्या डोंगरांतील ओयामेल वृक्षांच्या रानात हिवाळा काढतात. ती नेमकी कोठे जातात याचा शोध टोरांटो विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट आणि त्यांच्या पत्नी नोरा यांनी जवळजवळ चार दशके घेतला. हजारो हौशी माणसांच्या मदतीने त्यांनी फुलपाखरांच्या पंखांना बारीक चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि अखेर १९७५ मध्ये ते रान सापडले. खरे नवल तर पुढेच आहे. वसंतात मेक्सिकोहून निघालेले फुलपाखरू कॅनडापर्यंत पोहोचत नाही, वाटेतच त्याचे आयुष्य संपते. पुढे उन्हाळ्यात एकामागून एक पिढ्या होतात. शरदात दक्षिणेकडे निघते ते त्याचे नातवंड वा पतवंड असते. त्याने ते रान कधी पाहिलेले नसते, वाट दाखवायला कोणी वडीलधारेही सोबत नसते. तरी ते तेथेच जाते.

मुलांना ही गोष्ट फार आवडली. परंतु नववीत शिकणारी एक मुलगी गप्प होती. परतताना ती मला म्हणाली, "दादीजी, फुलपाखराला आतूनच कळतं. आम्हाला तसं काही कळत नाही. मी महाराजांना चालताना एकदाही पाहिलेलं नाही. पावापुरी मला नकाशावर दाखवता येणार नाही. पप्पांच्या लहानपणच्या आठवणींवर मी किती दिवस जैन राहू?"

तिच्या स्वरात उद्धटपणा नव्हता. म्हणूनच मी लगेच उत्तर दिले नाही. पाठशाळेत तयार उत्तरे पुष्कळ असतात. या प्रश्नाला त्यांतले एकही लागू पडत नव्हते.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही उत्तरेला अल्गॉन्क्विनच्या अरण्यात गेलो. टोरांटोहून मोटारीने तीन तासांची वाट. १८९३ पासून राखलेले हे रान सुमारे ७,६०० चौरस किलोमीटरचे आहे. त्या आठवड्यात तेथील शुगर मेपल वृक्ष पूर्ण रंगात असतात. डब्यात तिकडच्या नारिंगी भोपळ्याच्या घाऱ्या होत्या, पोटात थंडी होती आणि डोळ्यांपुढे जे होते त्याला माझ्याकडे शब्द नव्हते. सरोवराचे पाणी निश्चल, त्यात उलटे उभे असलेले तांबडे डोंगर, आणि पान पडल्याचा आवाज ऐकू येईल अशी शांतता. मुलेही आपणहून हळू बोलू लागली. मी त्यांना म्हटले, आज प्रवचन नाही. आज फक्त ईर्यासमिती. चार हात पुढची जमीन पाहायची आणि मग पाऊल टाकायचे.

चार हात जमिनीत केवढा संसार असतो! ओल्या लाकडावर भूछत्रे, दगडावर शेवाळ, पानाखाली गोगलगाय. वाट ओलांडणारा एक केसाळ सुरवंट मुलांनी पाहिला, दोन्ही टोकांना काळा आणि मध्ये तांबूस. तिकडे त्याला वूली बेअर म्हणतात. हा प्राणी हिवाळाभर पाचोळ्याखाली वेटोळे करून पडून राहतो, थंडीने गोठतो आणि वसंतात वितळून पुन्हा चालू लागतो. तो वाट ओलांडेपर्यंत वीस मुले रांगेत थांबली. मागून आलेले एक गोरे जोडपेही काय झाले म्हणून थांबले, आणि कारण कळल्यावर तेही हसून उभे राहिले. 'जयणा' या शब्दाचा अर्थ मी वर्गात अनेकदा सांगितला होता. त्या दिवशी तो सांगावा लागला नाही.

पानांविषयी मुलांनीच मला शिकवले. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो. हिरवे द्रव्य ओसरले की तो दिसू लागतो. तांबडा मात्र झाड शरदात नव्याने तयार करते. आणि पान वाऱ्याने तुटत नाही. झाड आधी त्यातले नत्र, स्फुरद असे पोषण फांद्यांत ओढून घेते, देठाशी पेशींचा एक पडदा तयार करते आणि मग पान सोडते. आम्ही व्यापारी माणसे. मला वाटले, हा तर चोख व्यवहार झाला. माल कोठारात घेतला आणि रिकामे पोते सोडून दिले. बर्फाच्या ओझ्याने फांद्या मोडू नयेत, गोठलेल्या जमिनीतून पाणी मिळत नसताना पानांतून ते वाया जाऊ नये, म्हणून हा त्याग. अपरिग्रह म्हणजे सर्वस्व गमावणे नव्हे, हे या झाडांकडे पाहिले की पटते.

ऑक्टोबरात घरोघरी पाने गोळा करून ती कागदी पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवण्याची तेथे रीत आहे. आमच्या घरी माझा नऊ वर्षांचा नातू वडिलांपुढे उभा राहिला. कुंपणाजवळची पाने उचलायची नाहीत, त्यांत सुरवंट झोपले आहेत, असे त्याचे म्हणणे. चिरंजीवांनी शेजाऱ्यांना काय वाटेल याचा क्षणभर विचार केला आणि दाताळे ठेवून दिले.

याच काळात मंडळाने माझ्याकडे आणखी एक काम दिले होते. दर मंगळवारी चौऱ्याऐंशी वर्षांच्या एका काकांकडे जाऊन त्यांना मांगलिक ऐकवायचे. काका मूळचे जामनगरकडचे, जन्माने युगांडाचे. १९७२ मध्ये ईदी अमीनने तेथील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला, तेव्हा त्यांतल्या सुमारे ७,००० जणांना कॅनडाने आश्रय दिला. काका त्यांतले एक. कंपालातले दुकान तसेच टाकून ते शरदातच मॉन्ट्रियलला उतरले होते.

पहिल्या मंगळवारी मी संकोचले. आपल्याकडे मांगलिक महाराजांच्या मुखातून ऐकायचे, श्रावकाने हात जोडायचे. मी ते कोणत्या अधिकाराने ऐकवू? काकांना तो संकोच दिसला असावा. ते म्हणाले, "बहेन, आम्ही विमानातून उतरलो तेव्हा झाडं लाल होती. मला वाटलं, इथं रोगच पडला आहे. त्या रात्री माझ्या आईनं आम्हा सर्वांना मांगलिक ऐकवलं. ती चार इयत्ता शिकलेली. अधिकारी माणसाची वाट पाहिली असती, तर आम्ही पन्नास वर्षं मांगलिक ऐकलं नसतं."

पुढच्या मंगळवारी मी त्या नववीतल्या मुलीला बरोबर नेले. कशासाठी ते सांगितले नाही. काकांचे घर अकराव्या मजल्यावर होते. खिडकीतून खालची झाडीने भरलेली घळ दिसे, आणि दर आठवड्याला ती विरळ होत जाई. काका तिला कंपालाच्या गोष्टी सांगत. ती त्यांना शाळेच्या सांगे. आयंबिलच्या ओळीत काकांना उपास झेपेना, तेव्हा त्यांच्या वतीने तिने एक आयंबिल केले. घड्याळे मागे गेली त्या आठवड्यात काकांनी तिलाच मांगलिक म्हणायला सांगितले. तिचे उच्चार इंग्रजी वळणाचे. काकांनी डोळे मिटून ऐकले, एका ठिकाणी थांबवून शब्द दुरुस्त केला, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावले.

कार्तिकी पौर्णिमेला तीन दिवस असताना काकांची प्रकृती ढासळली. त्यांच्या कन्येने रुग्णालयातून पहाटे फोन केला, तो मला नव्हे, त्या मुलीला. तिच्या आईने गाडी काढली. मी सकाळी पोहोचले तेव्हा सारे संपले होते. मुलगी बाहेर बाकावर बसली होती. मी तिच्याजवळ बसले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तो शब्द मी बरोबर म्हटला." सरोवरकाठच्या प्रश्नाविषयी आमच्यात पुन्हा कधी बोलणे झाले नाही.

पौर्णिमेला चातुर्मास संपला. आपल्याकडे त्या दिवशी महाराजांचा विहार होतो आणि सारे गाव वेशीपर्यंत पोहोचवायला जाते. टोरांटोत त्या सकाळी उघड्या झाडांवरून कॅनडा हंसांची एक रांग दक्षिणेकडे गेली. नातवाने त्यांना हात जोडले.

आज आपल्या प्रत्येक घरातील कोणी ना कोणी शिक्षणासाठी किंवा व्यापारासाठी परदेशी आहे. त्यांच्या पेट्या आपण खाकरे, पापड, मसाले आणि लोणच्यांनी भरतो, वजनकाट्यावर दोन-दोनदा तोलतो. निघण्यापूर्वी महाराजांकडून त्यांना मांगलिक ऐकवतो, हेही खरे. माझी विनंती एवढीच, की ते त्यांना नुसते ऐकवू नका. पाठ करवून घ्या, अर्थासह, स्पष्ट उच्चारांसह. तिकडे एखाद्या अकराव्या मजल्यावर कोणीतरी ते त्यांच्या तोंडून ऐकण्याची वाट पाहत असेल.