भाक, भाकीत आणि रणजी

भविष्याविषयी बोलण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. वेधशाळा अंदाज वर्तवते, ज्योतिषी होरा सांगतो, राजकीय पंडित अटकळी बांधतात आणि जुगारी पैज लावतो. या साऱ्यांहून ‘भाकीत’ हा शब्द मला निराळा वाटत आला आहे. तो ज्या ‘भाकणे’ या क्रियापदाच्या कुळातला आहे, त्या कुळात आणखी दोघांचा संसार आहे. ‘भाक’ म्हणजे वचन. आणि आपण करुणाही भाकतो. पुढे काय घडेल ते सांगणे, दिलेल्या शब्दाला बांधून घेणे आणि कुणापुढे पदर पसरणे ही तीन कामे एकाच घरात कशी नांदतात, हे भाषाशास्त्रज्ञ सांगतील. मला मात्र त्याचा काहीसा उलगडा झाला तो रणजी करंडकाच्या चाहत्यांचे बोलणे ऐकताना. साहित्याच्या अभ्यासकांनी या कबुलीवर रागावू नये.

रणजीचा हंगाम अलीकडे ऑक्टोबरात सुरू होतो. विदर्भात तेव्हा सोयाबीन निघत असते आणि कापसाचा पहिला वेचा तोंडावर आलेला असतो. याच सुमारास सेवाग्रामला रुग्णालयाबाहेरच्या चहाच्या टपऱ्यांवर गटवारीची चर्चा रंगू लागते. कोणत्या गटातून कोण निघेल, बाद फेरीतला सामना जामठ्याला पडेल की परमुलखात, कुणाचा गोलंदाज भारतीय संघ उचलून नेईल आणि मागे उरलेल्यांचे काय होईल, अशी ती चर्चा. एकही चेंडू पडलेला नसतो, पण उपांत्य फेरीचे चारही संघ ठरलेले असतात. मी वर्ध्याला मराठी शिकवतो. घरातल्या एका दुखण्यामुळे काही वर्षे माझ्या सेवाग्रामच्या फेऱ्या नियमित होत्या, आणि रुग्णालयात वाट पाहण्याचा वेळ मी याच बाकांवर काढला.

या चर्चेला सेवाग्रामसारखे गाव दुसरे मिळणे कठीण. १९६९ मध्ये इथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून मुले शिकायला येऊ लागली. त्यामुळे एका बाकावर केरळ, दिल्ली आणि मुंबई दाटीवाटीने बसलेली असतात. शेजारी यवतमाळ-चंद्रपूरकडून पेशंट घेऊन आलेले, वेळ जाता जात नाही असे नातेवाईक. आणि गावातली दोन-चार जुनी माणसे. प्रत्येकाच्या भाकिताची धाटणी निराळी. मुंबईचा मुलगा मुंबई जिंकेल का यावर बोलतच नाही. कुणाला हरवून जिंकेल एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न. दिल्लीचा मुलगा होणाऱ्या पराभवाचे खापर निवड समितीवर आगाऊ फोडून ठेवतो. केरळचा मुलगा गुणांची बेरीज-वजाबाकी वहीत मांडून दाखवतो. आणि आमचा वैदर्भीय माणूस कपातला शेवटचा घोट संपवून म्हणतो, “आपलं काही खरं नाही बाप्पा. गटातून निघाले तरी लय झालं.”

हे वाक्य मी इतक्या तोंडून, इतक्या वर्षांत आणि इतक्या विषयांवर ऐकले आहे की, त्याला आमच्या मुलखाची एक वाङ्मयीन संहिताच मानावे. त्यामागे इतिहास आहे. विदर्भ या नावाचा संघ रणजीत उतरला तो १९५७-५८ च्या हंगामात. त्यानंतरची जवळजवळ साठ वर्षे त्याने अंतिम सामना पाहिला नाही. विदर्भाचा खेळाडू म्हणून भारताकडून कसोटी खेळण्याचा पहिला मान उमेश यादवला मिळाला, तो २०११ मध्ये. बाकीच्या क्षेत्रांतही ‘अनुशेष’ हा शब्द आमच्याकडे मूल शाळेत जाण्याआधी शिकते. कापूस पेरणारा माणूस पावसावर आणि भावावर विसंबून असतो, आणि दोन्हींनी त्याला इतक्यांदा दगा दिलेला असतो की आशेचे मोजमाप तो आखडते घेतो. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते. धान्ये मांडली जातात आणि रात्रीतून ती कशी हलली यावरून दुसऱ्या सकाळी पीकपाण्याचे भाकीत सांगतात. ते ऐकणारा शेतकरी ‘पीक साधारण’ एवढे ऐकले तरी सुटकेचा श्वास टाकतो. रणजीच्या गटवारीकडेही आम्ही त्याच कानाने पाहत होतो, म्हणाना.

मग २०१७-१८ चा हंगाम आला. विदर्भाच्या गटात बंगाल होते, पंजाब होते. फैज फझल कर्णधार, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक आणि मुंबईची कारकीर्द मागे ठेवून आलेला वसीम जाफर, अशी जुळणी होती. पण टपरीवरच्या एकाही यादीत विदर्भ अंतिम फेरीत नव्हता. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर उपांत्य सामन्यात कर्नाटकाला १९८ धावा हव्या होत्या. ते १९२ वर बाद झाले. पाच धावांनी विजय. रजनीश गुरबानीने त्या डावात ६८ धावांत सात बळी घेतले. पुढे इंदूरला दिल्लीविरुद्ध अंतिम सामन्यात त्याने हॅट्ट्रिक घेतली, यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ धावा काढल्या आणि १ जानेवारी २०१८ रोजी, पहिल्याच अंतिम सामन्यात, विदर्भाने नऊ गडी राखून करंडक उचलला.

ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात कवीला सल्ला दिला आहे की, शक्य पण न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा अशक्य पण पटणारी गोष्ट पत्करावी. त्या हंगामाची कथा एखाद्या विद्यार्थ्याने लिहून आणली असती तर मीही हाच सल्ला देऊन ती परत केली असती. खेळाला मात्र संभाव्यतेचे बंधन नसते, आणि म्हणूनच त्यावर भाकिते करण्यात गंमत आहे. अर्थात निकालानंतर ‘मी म्हटलंच होतं’ म्हणणारे उगवले. समीक्षेतही हे घडते. एखादी कादंबरी मोठी ठरली की तिची अपरिहार्यता सिद्ध करणारे लेख येतात. आधी मात्र तिची चाहूल कुणालाही नसते.

टपरीवर एक निवृत्त शिक्षक येत, सारे त्यांना गुरुजी म्हणत. ‘गटातच गारद’ हे त्यांचे भाकीत दरवर्षी ठरलेले. इंदूरच्या विजयानंतर पोरांनी त्यांना घेरले. “गुरुजी, यंदा चुकलं ना तुमचं?” गुरुजी शांतपणे म्हणाले, “खरं व्हावं म्हणून थोडंच बोलत होतो मी? इतकी वर्षं बोललो तं आता कुठं खोटं झालं.” सगळे हसले, मला मात्र त्या वाक्याने त्या जुन्या संहितेचा अर्थ नव्याने वाचायला लावला. ज्या बाळावर जीव असतो त्याला नजर लागू नये म्हणून आपण काजळाचे बोट लावतो. गुरुजींचे भाकीत हे तसले तीट होते. पराभव सांगता सांगता ते करुणा भाकत होते, आणि ती सांगण्यासाठी दरवर्षी न चुकता हजर राहत होते, ही त्यांची भाक होती. चाहत्याच्या भाकितात माहिती थोडी असते. आपण कुणाच्या बाजूचे आहोत आणि आपल्यांसाठी किती मागण्याची आपली छाती आहे, हे त्यातून जास्त कळते.

पण ‘आपले’ म्हणजे कोण? या प्रश्नाची एक जुनी नोंद याच गावाच्या नावावर आहे. मुंबईत तेव्हा पंचरंगी सामने होत असत. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि १९३७ पासून उरलेल्यांचा ‘शेष’ संघ असे पाच संघ, आणि मैदानावर लोटणारी गर्दी. डिसेंबर १९४० मध्ये, गांधीजींचा मुक्काम सेवाग्रामला असताना, हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी सल्ला घ्यायला वर्ध्याला आले. वैयक्तिक सत्याग्रह सुरू होता. पवनारहून विनोबा पहिले सत्याग्रही म्हणून ऑक्टोबरातच पुढे झाले होते. युरोपात युद्ध पेटले होते. अशा काळात सामने थांबावेत असे म्हणणाऱ्यांकडे आपली सहानुभूती आहे, असे गांधीजींनी सांगितले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. महाविद्यालयांचे किंवा संस्थांचे सामने आपण समजू शकतो, धर्मावरून पाडलेले संघ मात्र आपल्याला कधीच उमगले नाहीत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्या वर्षी हिंदू जिमखान्याने माघार घेतली. स्पर्धा पुढेही रेंगाळली आणि १९४५-४६ नंतर बंद पडली.

गांधीजींचा आक्षेप खेळाला नव्हता, ‘आपले’ ठरवण्याच्या रीतीला होता. त्या रीतीचा विपर्यास पाहायचा तर १९४३-४४ चा अंतिम सामना पाहावा. सांगलीचा विजय हजारे धर्माने ख्रिस्ती, म्हणून तो ‘शेष’ संघात. हिंदू संघाविरुद्ध त्याने एकट्याने ३०९ धावा काढल्या. त्याच्या संघाची एकूण धावसंख्या होती ३८७. त्या दिवशी मैदानावर बसलेल्या मराठी हिंदू प्रेक्षकाने कुणासाठी करुणा भाकायची होती?

रणजीने मुलखावरून संघ पाडले, आणि ही रीत निश्चितच अधिक निरोगी आहे. पण मुलूख तरी कुठे स्थिर असतो? २०२४-२५ चा अंतिम सामना जामठ्याला, म्हणजे आमच्या वर्धा-नागपूर रस्त्यावरच, विदर्भ आणि केरळ यांच्यात झाला. केरळ तिथवर कसे पोहोचले हे सांगितले तर ॲरिस्टॉटल पुन्हा भुवया उंचावेल. उपांत्यपूर्व सामन्यात एका धावेची आघाडी, उपांत्य सामन्यात दोन धावांची. आणि तीही फलंदाजाचा फटका जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आपटून स्लिपमध्ये झेलला गेला म्हणून. अंतिम सामन्यात केरळसाठी ७९ धावांची चिवट खेळी केली ती आदित्य सरवटेने. हा तोच सरवटे, ज्याने फेब्रुवारी २०१९ मध्ये याच मैदानावर सौराष्ट्राविरुद्ध सामन्यात अकरा बळी घेऊन विदर्भाला दुसरा करंडक मिळवून दिला होता. आणि विदर्भासाठी ८६ व १३५ धावा काढल्या त्या करुण नायरने. मल्याळी कुटुंबातला, कर्नाटकात घडलेला, दोन हंगामांपासून आमचा. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता झाला.

सरवटे खेळत होता तेव्हा टपरीवर एक विलक्षण शांतता होती. तो बाद व्हावा असे मोठ्याने कुणी म्हणेना. शेवटी पेशंटचा डबा घेऊन उभा असलेला एक माणूस पुटपुटला, “पोरगं आपलंच हाय, पन यंदा सासरी गेलं हाय.” केरळच्या मुलाला ते समजावून सांगावे लागले, आणि समजल्यावर त्याने त्या माणसाला चहा पाजला. पुढच्या हंगामात नायरही कर्नाटकात परतला. कुणी त्याला परका म्हटल्याचे मी ऐकले नाही. ‘आपले’ असणे हे जन्माने मिळत नाही, खेळून मिळते आणि निघून गेल्यावरही काही अंशी उरते, हे त्या बाकांना पुरते समजलेले दिसले.

असो. आता तीन करंडकांनंतर आमच्याकडची भाकिते बदलली आहेत. “करंडक आपलाच” हे वाक्य नव्या पोरांच्या तोंडी सहज येते. २०२४ च्या मार्चमध्ये वानखेडेवर मुंबईकडून १६९ धावांनी हरल्यावरही ती पोरे “पुढच्या वर्षी” म्हणाली, आणि ते खरे झाले. मला याचा आनंद आहे, पण एक शंका सुटत नाही. आशा करण्याची ही नवी परवानगी क्रिकेटच्या मैदानापुरतीच तर नाही ना? वर्गातली मुले स्वतःविषयी बोलतात तेव्हा जुनीच संहिता ऐकू येते. “बघू सर, जमलं तं जमलं.” गेल्या वर्षी मी ‘पाच वर्षांनंतरची मी’ किंवा ‘मी’ असा लेखनाचा विषय दिला होता. बऱ्याच वह्यांत ‘साधारण’ पिकाचेच भाकीत होते. एका मुलीने मात्र दोनच ओळी लिहिल्या होत्या: यंदा विदर्भ जिंकेल असं मी छातीठोकपणे लिहू शकते; माझं तसं लिहिता येत नाही, कारण मी जिंकेन असं बाहेर बसून म्हणणारं कुणी नाही.

तिच्या त्या ओळींवर शुद्धलेखनाची खूण करण्याजोगे काही नव्हते. भाकीत मुळात दुसऱ्याने आपल्यासाठी करायचे असते, तेव्हाच त्यात भाक येते, हे तिने मला शिकवले. संघासाठी ते काम टपरी करते. गुरुजींनी ते उलट्या शब्दांत का होईना, पण आयुष्यभर केले. मुलांसाठी ते कुणी करायचे, याचे उत्तर शिक्षकाने दुसरीकडे शोधण्यात अर्थ नाही. त्या वहीत मी गुणांच्या जागी एक भाकीत लिहिले. ते काय होते, हे तिच्या आणि माझ्यातच राहू द्यावे. नजर लागायला नको.