उन्हाळ्यात वाळू दिलेली हिरवळ

मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली ती १२ एप्रिल २०१६ रोजी. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्येच शहरात जमावबंदी लागली होती. गाडी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. मैदानांवर ओतायच्या पाण्यावरून तो खटला होता. हंडे-घागरींच्या रांगेत उभ्या असलेल्या आम्हा बायकांना तो निकाल कुणी समजावून सांगावा लागला नाही.

त्या उन्हाळ्यानंतर आमच्या गल्लीत बहुतेकांनी अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. धूळ नको, चिखल नको आणि झाडांना पाणी घालायची कटकटही नको. आमच्या घरापुढची हजारेक चौरस फूट जागा मात्र मला बंद करायची नव्हती. ब्लॉक दिवसभर तापतात आणि रात्री उशिरापर्यंत तो ताप घरात सोडत राहतात. पावसाचं पाणी त्यांच्यावरून सरळ गटारीत जातं. इथे वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत आणि लहरीने. तो दारातून वाहून जाऊ द्यायचा आणि मग बोअरला पाणी नाही म्हणून टँकर मागवायचा, हे मला पटत नव्हतं. जमीन उघडी ठेवायची तर तिच्यावर काहीतरी धरून ठेवणारं हवं. मी गवत लावायचं ठरवलं.

आधी हिशेब केला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हजार चौरस फूट म्हणजे त्र्याण्णव चौरस मीटर. एप्रिल-मेच्या उन्हात लॉन हिरवंगार ठेवायचं तर रोज पाच मिलिमीटर तरी पाणी द्यावं लागतं, आणि आमच्याकडच्या वाऱ्यात हा आकडा हात राखूनच धरलेला आहे. म्हणजे रोज साडेचारशे लिटरच्या वर. पाच हजार लिटरचा टँकर दहा-अकरा दिवसांत जमिनीत. रांगेत उभं राहिलेल्या बाईने हे पाणी गवतावर सोडावं, हे शक्यच नव्हतं. तेव्हा दोन गोष्टी पहिल्याच दिवशी ठरल्या. गवताला प्यायच्या पाण्याचा थेंबही द्यायचा नाही आणि उन्हाळ्यात ते हिरवं राहावं असा हट्ट धरायचा नाही.

नर्सरीत कोरियन कार्पेटच्या लाद्या मिळतात. दिसायला फार देखणं गवत, पण ते आमच्या उन्हातलं नाही. मला हवं होतं ते बांधावर फुकट उभं होतं: हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच.

घरात हे सांगितलं तेव्हा सासरे खाटेवर उठून बसले. त्यांचं सगळं आयुष्य औसा तालुक्यात शेती करण्यात गेलं. हरळी आणि कुंदा ही तणं काळ्या रानातून खणून काढायला कुदळी घेऊन माणसं लावावी लागत, तुकडा जरी राहिला तरी पुढच्या पावसात रान पुन्हा भरून येई.

"हरळी लावलालीस व्हय? आमची हयात गेली की गं ती उपटण्यात!"

"म्हणूनच मामा. तुम्हाला जी मारता आली नाही, ती दुष्काळाला कशी मरेल?"

ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी कुठल्या बांधावरची हरळी बारीक पानाची आहे ते त्यांनीच सांगितलं. हरळी ज्वारीसारखीच उष्ण प्रदेशाला सरावलेली. कडक उन्हात कमी पाण्यावर वाढते, ताण पडला की वाढ थांबवते. वरचं पान वाळलं तरी जमिनीखालचे कंद-कांड्या जिवंत राहतात. शत्रूला माणूस किती बारकाईने ओळखतो, ते मामांकडून शिकण्यासारखं आहे.

लॉनचं खरं काम गवत लावण्याआधीचं असतं, आणि त्याला सगळा उन्हाळा गेला. आमची माती काळी. ओली झाली की फुगते, वाळली की हात जाईल एवढी भेगाळते, आणि त्या भेगांत मुळं तुटतात. फूटभर खणून बांधकामाचे विटांचे तुकडे आणि सिमेंटचे गोळे काढले. पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळलं. अर्धवट कुजलेल्या खतात हुमणी येते, आणि हुमणीच्या अळीने गवताची मुळं खाल्ली की वरचं गवत चटईसारखं हातात उचलून येतं. घरापासून बाहेरच्या बाजूला दहा फुटांना दोन-अडीच इंच उतार दिला आणि उताराच्या टोकाला शोषखड्डा घेतला. जोराचा पाऊस आला तर आधी गवत पिईल, उरलेलं खड्ड्यात मुरेल.

लव्हाळ्याच्या तणासाठी मात्र मी वेगळा वेळ काढला. जमीन भिजवायची, लव्हाळा उगवू द्यायचा, गाठीसकट खणून काढायचा, पुन्हा भिजवायचं. हे आधी नीट केलं नाही तर नंतर हरळीतून तो वेगळा काढणं जवळजवळ अशक्य. पहिला चांगला पाऊस झाला, जमीन खोलवर ओली झाली आणि आम्ही हरळीच्या दोन-तीन पेरांच्या कांड्या वीतभर अंतरावर लावल्या. पेर मातीत, शेंडा बाहेर. पावसाळ्यात त्या धावल्या आणि दिवाळीपर्यंत जमीन झाकली गेली. पहिल्याच वर्षी अंगणातल्या कडुनिंबावर संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे दिसले तेव्हा मामांनी फांद्या हलवून ते खाली पाडले आणि रॉकेलच्या पाण्यात टाकले. औषध मारायची वेळ आली नाही.

पाणी देताना मी खुरपं घेऊन बसते. खुरपं खुपसून चार बोटं खाली माती ओली असेल तर त्या दिवशी पाणी नाही. रोज थोडंथोडं शिंपडलं की मुळं वरच्या वर राहतात आणि पहिल्या उन्हात मरतात. एकदाच, पहाटे, सावकाश, खोलवर जाईल असं पाणी दिलं की मुळं त्याच्यामागे खाली जातात. पान लोळायला लागलं, चालल्यावर पावलाचा ठसा बराच वेळ उठला नाही, की गवत तहानलेलं आहे हे समजावं.

हे पाणी न्हाणीघराचं. वॉशिंग मशीनचं पहिलं साबणाचं पाणी गटारीत, शेवटचं खळबळलेलं गवताला. आरओच्या नळीतून वाया जाणारं क्षारांचं पाणीही जातं, कारण हरळी क्षार चांगले सोसते. माती मात्र तितकं सोसत नाही. साबणातल्या सोडियमने काळी जमीन चोपण होते, पाणी वरच साचून राहतं. म्हणून पावसाळ्याआधी जिप्सम टाकते, म्हणजे पावसाबरोबर क्षार खाली धुतले जातात.

कापायचं तेव्हा उंचीचा एकतृतीयांश भागच कापायचा. कापलेलं बारीक गवत उचलत नाही, ते तिथेच कुजून खत होतं. फेब्रुवारीपासून गवत कापायचं मशीन बंद. उंच राहिलेलं पान आपल्याच मुळांवर सावली धरतं. उन्हाळ्यात युरियाही नाही. झोपायला निघालेल्या गवताला खत घालून जागं करणं म्हणजे त्याचा जीव घेणं.

मग एप्रिल येतो आणि आमचं लॉन वाळतं. आधी कडेने, मग सगळं, गव्हाच्या काडाच्या रंगाचं. येणारे-जाणारे "वाळलं की वहिनी, पाणी टाका" म्हणतात. मी दर तीनेक आठवड्यांनी एकदा, बारा मिलिमीटरच्या हिशेबाने, साठवलेलं पाणी देते. अकराशे लिटर एकदम ऐकायला पुष्कळ वाटतं, पण दिवसाला पन्नासेक लिटर पडतं, आणि तेवढं आमच्या न्हाणीतून निघतं. एवढ्याने ते हिरवं होत नाही, कांड्या तेवढ्या जिवंत राहतात. भेगा दिसल्या की त्यांत चाळलेलं खत आणि पोयटा भरते. वाळलेल्या गवतावर कुणी गाडी लावू नये, मुलांनी क्रिकेट खेळू नये, यासाठी त्या दोन महिन्यांत मी भांडतेसुद्धा. झोपलेल्या गवताला पायाखाली तुडवलं तर भरून काढायला त्याच्याजवळ ताकद नसते. बारा महिने हिरवं दिसावं म्हणून दुष्काळी गावात कारंजी फिरवणाऱ्या बंगल्यांचा मला मनापासून राग येतो. तिथलं गवत निरोगी नाही, त्याला नळाची सवय लागली आहे. एक आठवडा पाणी तोडलं की कळतं.

मृगाचा पाऊस नीट झाला तर आठवड्याभरात कांड्यांना कोंब दिसतात. पाऊस लांबला तर मीही लांबवते. गवतासाठी वेगळं पाणी शोधत नाही.

आता एकच अडचण उरली आहे. कडुनिंब वाढला आणि त्याच्याखाली हरळी विरळ होत चालली, कारण तिला सावली अजिबात चालत नाही. मामा म्हणतात फांद्या छाटा. मला त्या तोडवत नाहीत. उन्हाळ्यात घराची कडुनिंबाकडची तेवढी एकच बाजू थंड असते. त्याच्या बुंध्याभोवती गवताचा आग्रह सोडून पालापाचोळ्याचं आच्छादन टाकायचं आणि कडेने विटांची ओळ लावायची, असं सध्या ठरलं आहे. विटा खणताना निघालेल्याच वापरायच्या आहेत.