बायकोची कॅसेट

आवडत्या रेकॉर्डींच्या माझ्याकडे दोन याद्या होत्या. एक चारचौघांत सांगायची, दुसरी घरात वाजायची. सांगायच्या यादीत मल्लिकार्जुन मन्सूर, केसरबाई, अमीर खाँसाहेबांचा मारवा, कुमारांचं ‘मला उमजलेले बालगंधर्व’, किशोरीताईंचा भूप. ही सगळी मोठी माणसं, आणि ती मला आवडतातही. पण दिवसाकाठी हात कुठल्या कॅसेटकडे जातो, हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. मीही तो स्वतःला विचारायचं टाळलं.

मी मिरजेचा. तंबोऱ्याचे भोपळे ज्या गावात दारासमोर पडलेले असतात, जिथे अब्दुल करीम खाँसाहेब राहिले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, त्या गावातल्या माणसाला गाण्यातलं कळतं असं बाहेरचे लोक धरूनच चालतात. मग आपणही तसं धरून चालतो. आमच्या ऐकणाऱ्यांच्या मंडळात रुचीचा चढता क्रम ठरलेला होता. सिनेमाची गाणी, त्यावर भावगीतं, मग नाट्यपदं, ठुमरी, ख्याल, आणि अगदी वर जयपूर घराण्याचे अनवट राग. एकदा वर चढलेल्याने खाली बघायचं नाही. खरं सांगायचं तर बसंती केदार मला ओळखू यायच्या आधीच आवडू लागला होता.

या क्रमात ‘कॉल ऑफ द व्हॅली’ला जागाच नव्हती. १९६७ च्या सुमारास एच.एम.व्ही.ने काढलेली ही एलपी. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. कल्पना अशी की काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, रागांतून सांगायचा. रागाला गोष्ट चिकटवली की राग संपला, असं आमचं मत. त्यातून ही रेकॉर्ड सगळ्यांना आवडायची. दाताच्या डॉक्टरकडे, हॉटेलात, लग्नाच्या हॉलमध्ये पाहुणे यायच्या आधी. जे सगळ्यांना आवडतं ते आपल्याला कसं आवडेल? मी तिला ‘हॉटेलातलं संगीत’ म्हणायचो आणि लोक हसायचे. ते हसू मला आवडायचं, हेही इथेच सांगून टाकतो.

संतूरवर तर आमचा विशेष राग. तारेवर लाकडी कलमाने आघात करायचा. स्वर निघाला की विरायला लागतो. मींड नाही. आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणारी मींडच नाही तर राग कुठून आणणार? १९५५ साली मुंबईत हरिदास संमेलनात सतरा वर्षांच्या शिवकुमारांनी ते वाजवलं तेव्हापासून जाणकारांचा आक्षेप हाच. आम्ही त्यात आमची भर घालायचो. माणूस मूळचा तबलजी, ‘गाईड’मधल्या ‘मोसे छल किये जाय’ला तबला त्यांचाच, तबलजीच्या हातात तारा दिल्या तर तो बडवणारच. हा विनोद माझा नव्हता, पण मी तो पुष्कळ ठिकाणी माझा म्हणून सांगितला.

निवृत्तीनंतर घरातल्या कॅसेटी संगणकावर चढवायला घेतल्या. या कामात घाई करता येत नाही. पाऊण तासाची कॅसेट उतरवायला पाऊण तासच लागतो, आणि फीत कुठे गुंतली, आवाज कुठे फाटला हे बघायला कान तिथेच ठेवून बसावं लागतं. खोक्याच्या तळाशी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ निघाली. मी ती बाजूला ठेवत होतो, तर हिने स्वयंपाकघरातून येऊन पाहिलं.

“अहो, ती माझी आहे. तुमच्या खाँसाहेबांच्या नादात तिच्यावर काही भरू नका.”

“तू कधी ऐकतेस?”

“तुम्ही मंडळात गेलात की.”

म्हणजे माझ्याच घरात तिसरी यादीही होती. ऐकायचं म्हणून नव्हे, कॅसेट नीट उतरते आहे का बघायचं म्हणून बसलो.

पहिलाच तुकडा अहीर भैरवात सुरू होऊन नट भैरवात जातो. हे मी आधी शंभरदा ऐकलं असेल, म्हणजे कानावर पडलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा हिशेब केला. अहीर भैरवात रिषभ कोमल, धैवत शुद्ध, निषाद कोमल. नट भैरवात रिषभ शुद्ध, धैवत कोमल, निषाद शुद्ध. सा, ग, म, प जागेवरच. बाकीचे तिन्ही स्वर उलटे झाले. पहाट फटफटून उजाडणं हे एवढ्या काटेकोरपणे, एकही शब्द न वापरता मांडलेलं आहे, आणि मी त्याला हॉटेलातलं संगीत म्हणत होतो. राग बिघडवून गोष्ट सांगितलेली नव्हती. दोन रागांतल्या फरकातूनच गोष्ट उभी केली होती. हीच करामत एखाद्या बुवांनी मैफलीत केली असती तर मी मांडी थोपटून दाद दिली असती आणि महिनाभर लोकांना सांगत फिरलो असतो.

मग वाद्यांकडे लक्ष गेलं. संतूरला मींड नाही हे खरं, पण त्याच्या शेजारी काबरांची गिटार ठेवली आहे, आणि काबरा अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. तारेवर पट्टी सरकवत जाणारं ते वाद्य म्हणजे नुसती मींड. तिसरी बासरी, जिचा स्वर श्वासाइतका लांब. एकाचा स्वर थेंबासारखा पडून विरतो, दुसऱ्याचा ओघळत जातो, तिसऱ्याचा तरंगत राहतो. संतूरची जी उणीव आम्ही चघळत बसलो होतो, ती या माणसांना आमच्या आधीपासून ठाऊक होती आणि तिच्याभोवतीच त्यांनी रचना बांधली होती. शिवकुमारही नुसते आघात करत नाहीत; कलम तारेवर हलकंच थरथरवत नेऊन तुटक स्वरांना ते सलग करतात. आणि लय पाहा. तबलजीचा हात म्हणून ज्याची टिंगल केली, त्याच हातामुळे ती इतकी नेमकी आहे.

मींडेच्या बाबतीत माझा दुटप्पीपणाही तेव्हाच माझ्या ध्यानात आला. हार्मोनियमलाही मींड नाही. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली, या अन्यायावर मी मंडळात तावातावाने बोललेलो आहे. पेटी आपली, घरची, गोविंदराव टेंब्यांची; संतूर परकं, पहाडातलं. शास्त्राच्या नावाखाली मी आपलं-परकंच करत होतो.

आपलं-परकं म्हणावं तर तेही फसलं. या रेकॉर्डमागचा माणूस जी. एन. जोशी, एच.एम.व्ही.चे. जोशी पेशाने वकील, आवडीने गायक. १९३० नंतरच्या काळात ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ त्यांनी रेकॉर्डवर गायली आणि मराठी भावगीताचा रस्ता मोकळा झाला असं म्हणतात. पुढे कंपनीतल्या नोकरीत त्यांनी बडे गुलाम अली, अमीर खाँ, बेगम अख्तर अशांची ध्वनिमुद्रणं केली. ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे त्यांचं आठवणींचं पुस्तक माझ्या कपाटात होतं. त्यातली खाँसाहेबांची प्रकरणं मी वाचली होती, बाकीची चाळली होती. माझ्या कपाटातले देव ज्याने तबकडीवर आणले, त्यानेच हे खालच्या पायरीवरचं संगीतही घडवलं. रानात घुमणाऱ्या शिळेपासून खोऱ्यातल्या मेंढपाळापर्यंत त्यांचा कान एकाच जागी रमत होता, असं मला वाटतं. त्यांना वरची पायरी, खालची पायरी हा घोळ पडलेला दिसत नाही. ते गात होते, ऐकत होते आणि कंपनीसाठी खपेल असंही काढत होते.

याचा अर्थ मी आता सगळं गोड मानून घेतो असा नाही. निसर्गाच्या नावावर नंतर निघालेल्या कॅसेटींचा मला अजून कंटाळा आहे. पाण्याचा खळखळाट, पक्ष्यांचा किलबिलाट आणि खाली एक आळसावलेली धून, एवढ्यावर त्या भागतात. ‘व्हॅली’तही पिलू मला जरा घाईत आटोपल्यासारखा वाटतो. एलपीच्या दोन बाजूंत मिळून चाळीसेक मिनिटं आणि त्यात आख्खा दिवस. कुणाच्या तरी वाटणीला कमी येणारच. भूप मात्र मी पाठ करून टाकला आहे. पाचच स्वर, आणि किशोरीताईंचा भूप डोक्यात घट्ट बसलेला असतानाही तो आपली जागा करून घेतो. याउलट तीन-तीन तासांची खासगी मैफलींची रेकॉर्डिंग मी हल्ली लावत नाही. त्यांच्याबद्दल मला आदर होता, ओढ किती होती कोण जाणे. मन्सूरांचं तेवढं वेगळं. ते दोन्ही याद्यांत पहिल्यापासून होते.

मंडळात हे बोललो तर एकजण म्हणाला, “कान थकले तुझे. वय झालं की गोड लागतं.” मला राग आला नाही, कारण हे मीही मनाशी म्हणून पाहिलं होतं. असेलही तसं. पण थकलेल्या कानाला अहीर भैरव आणि नट भैरवातले तीन स्वर मोजावेसे वाटतील का? दुसरा म्हणाला, “मग पुढच्या बैठकीला तीच लावू या.” लावली. दोघे उठून चहाला गेले, बाकीचे बसले. देस संपल्यावर एकाने हळूच सांगितलं की त्याच्याकडे ही मूळ तबकडी आहे, कॉलेजात असताना घेतलेली. इतकी वर्षं आम्ही शेजारी बसून जोडरागांना दाद देत होतो.

एवढं होऊनही शेवटचा पहाडी मला पटलेला नाही. फार लवकर गोड होतो तो, आणि गोडच राहतो. दिवसभर इतक्या हिशेबाने बांधत आणलेली गोष्ट तिथे ढिली पडते. हिचं म्हणणं बरोबर उलट आहे. तिच्या मते पहाडीसाठीच बाकीचं सगळं ऐकायचं, आणि माझा हिशेब अहीर भैरवापाशीच ठेवावा. “दिवसभर मेंढरं वळून आलेला माणूस, त्याला रात्री काय जोडराग सुचणार?” असं ती विचारते. मी म्हणतो, मेंढपाळाचं जाऊ दे, वाजवणारे तर थकले नव्हते ना? काल जेवताना पुन्हा हाच विषय निघाला आणि आमटी निवली.