कल्याणचं लाकूड, कल्याणचं तांबं

माझगावच्या सी यूप कून मंदिरातून (चिनी खलाशांनी 1919 साली बांधलेलं) उतरताना मित्र म्हणाला, "चिन्यांनी पूर्वजांना घरात कोरीव देव्हारा दिला, आत नावाची पाटी. आपण पंधरवडाभर कावळ्यांवर सोपवून मोकळे!" मला ते झोंबलं. आपल्या घरांतले पूर्वजांचे टाक हा विसरला होता. मग टाक असलेला जुना देव्हारा पाहायला रविवारी ठाण्याहून कल्याण लोकल पकडली.

दुर्गाडी किल्ला रिक्षातूनच पाहिला. 1657 साली शिवरायांनी कल्याण घेतलं हे शाळेपासून पाठ आहे. मला ओढ होती सहाव्या शतकातल्या कॉस्मस या ग्रीक व्यापाऱ्याच्या मजकुराची. चीनचं रेशीम सिंहलद्वीपात उतरतं, तिथून कल्याणसारख्या बंदरांत जातं आणि कल्याणहून तांबं, लाकूड, कापड बाहेर पडतं, असं तो लिहितो. चीन आणि कल्याण एकाच व्यापाराच्या हिशेबात! इथले एक इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक चहा थंड होईतो भांडले: ते लाकूड शिसव मानतात, पण शिसवच, हे कशावरून? नसेना का शिसव! लाकूड आणि तांबं, देवघराला आणखी लागतं काय?

पारनाक्याजवळच्या एका वाड्यातल्या आजींनी देव्हारा दाखवला. सागवानी, चार खांब, महिरपीवर पोपट, कोपऱ्यांत तेलाची काळी पुटं. आत बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि मागे टाक. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेला घोडेस्वार, हाती तलवार. हा वीर, म्हणजे घरातला गेलेला पुरुष. चिंचेनं, राखेनं पिढ्यान्‌पिढ्या घासून त्याचा चेहरा सपाट झाला होता.

"कोण हे?"

"सासऱ्यांचे आजोबा असतील. नाहीतर त्यांचे चुलते."

चिनी पाटीवर नाव असतं, पूर्वज हरवत नाही. आमच्याकडे रोज पूजा होते आणि रोज तो थोडा पुसला जातो. मला आमचीच रीत जास्त भावली. नाव गेलं तरी नैवेद्य चुकत नाही. मित्राला हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, ही आळशीपणाची तरफदारी.

वाडा आता पाडणार होते. टॉवरमधल्या नव्या घरात देव्हाऱ्याला जागा नव्हती. सुतार म्हणत होता, वरचा कळस कापू.

"कापू नका हो," मी कळवळून म्हणालो.

"मग तुम्ही नेता?" आजींनी विचारलं.

ठाण्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये देव फ्रिजच्या डोक्यावर आहेत.