पुढच्या अमावस्येला जैसलमेर

राष्ट्रीय उद्यान म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ताडोबा येतं. दरवाजे, जिप्सी, सकाळ-दुपारच्या फेऱ्या, महिनोन्‌महिने आधी केलेलं आरक्षण. जैसलमेरच्या मरू राष्ट्रीय उद्यानाची आखणी मी त्याच हिशेबाने करायला बसले आणि गोंधळूनच गेले. 3162 चौरस किलोमीटरचा प्रदेश, जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरलेला, मुंबईच्या पाचपटींहून मोठा. त्यातून डांबरी रस्ते जातात, आत गावं आहेत, ढाण्या म्हणजे छोट्या वस्त्या आहेत, मेंढ्यांचे कळप चरतात. नाव राष्ट्रीय उद्यानाचं, पण कायद्याच्या भाषेत ते अभयारण्य. मग शिरायचं कुठून? आणि एवढ्या मोकळ्या मुलखात गर्दी होते तरी कुठे?

विचारावं त्याचं एकच उत्तर येई: समला जा. सम म्हणजे शहरापासून चाळीसेक किलोमीटरवरच्या वाळूच्या टेकड्या. तिथे तंबूंच्या वसाहती आहेत, उंटावरची रपेट आहे, टेकड्यांवरून उसळत जाणाऱ्या जीप आहेत आणि रात्री ध्वनिवर्धकावर नाचगाणी. बहुतेकांच्या मनातलं वाळवंट ते हेच. मला मात्र माळढोक बघायचा होता. माझं माहेर सोलापूरकडचं. नान्नजचं माळढोक अभयारण्य आमच्या जिल्ह्यातलं, लहानपणी थोरांच्या बोलण्यात तो पक्षी सारखा असायचा. आता तिथे त्याचं दर्शन अगदी दुर्मीळ झालंय. जगात जे दीडशेच्या आसपास उरलेत, त्यातले बहुतेक याच थरच्या वाळवंटात आहेत. तिकडे त्याला गोडावण म्हणतात आणि तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे.

गर्दीचं गणित सुटायला मदत झाली ती कालनिर्णयाची. उन्हाळ्यात तिथे पारा पंचेचाळिशीच्या वर जातो, त्यामुळे सगळा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कोंबलेला. त्यातही दिवाळी ते लाभपंचमी गुजरातेतून आणि आपल्याकडून लोंढे येतात, नाताळ ते नववर्ष खोली मिळणं मुश्कील, आणि माघी पौर्णिमेच्या सुमारास मरुमहोत्सव. पौर्णिमेला चांदण्यातली वाळू बघायला एरवीही लोक जमतात. मग उरतं काय? लक्ष्मीपूजनानंतरची पुढची अमावस्या! ती नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत कधीतरी पडते. दिवाळीची माणसं परतलेली असतात, नाताळची अजून यायची असतात, आणि आकाशात चंद्र नाही म्हणून तारे भरपूर. मी त्याच आठवड्यातले मंगळवार-बुधवार धरले. मुक्कामासाठी समऐवजी खुडी गाव निवडलं. वाळू तिथेही आहे, पण तंबू कमी आणि रात्र अजून रात्रीसारखी आहे.

राहता राहिलं सुदासरी. माळढोकांसाठी राखलेला गवताळ पट्टा समपासून फार लांब नाही, पण तिथे जायला जैसलमेरच्या वन्यजीव विभागाची परवानगी लागते. हा एक कागद काढावा लागतो म्हणूनच बहुधा समची गर्दी तिकडे वळत नाही. पहाटे निघायचं ठरवताना आणखी एक गोष्ट नव्याने कळली. जैसलमेर इतकं पश्चिमेला आहे की त्या दिवसांत सूर्य सातनंतरच उगवतो. चारचा गजर लावायची गरज नव्हती, जाड स्वेटरची मात्र होती.

आणि तिथे पोचल्यावर वाळू दिसेना. दिसलं ते गवत. सेवणाचे पिवळट झुबके, मध्ये मुरमाड जमीन, कुठे फोगाची खुरटी झुडपं, लांबवर एखादी खेजडी. वाळूच्या टेकड्या या साऱ्या प्रदेशाचा जेमतेम पाचवा हिस्सा आहेत, हे मी वाचलं होतं, पण डोळ्यांना पटायला वेळ लागला. आपल्या सोलापूरच्या माळरानासारखंच दिसत होतं सगळं. चिंकारांचा छोटा कळप आमच्याकडे टक लावून बघत उभा राहिला. एका बिळाशी वाळवंटी कोल्हा ऊन खात बसला होता. मग जीपवाले काका हळूच म्हणाले, ‘‘बाईसा, डावीकडे.’’ दुर्बिणीतून आधी पांढरी मान दिसली, मग डोक्यावरची काळी टोपी, मग तपकिरी धूड. जवळजवळ मीटरभर उंचीचा तो पक्षी गवतातून एकेक पाऊल तोलून टाकत चालला होता. मला रडूच आलं.

‘‘अजून थोडं पुढे घ्या ना,’’ मी म्हटलं. काकांनी मान हलवली. ‘‘इथवरच. तो बिथरला तर चरायचं सोडून निघून जाईल.’’ ते बोलणं माझ्या मनात घर करून राहिलं. गर्दी टाळायची म्हणून मी इतकं सगळं जुळवलं होतं, आणि त्या पक्ष्याच्या लेखी आमची एक जीप हीच गर्दी होती. माळढोकाची मादी सहसा वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. समोरचं या पक्ष्याला नीट दिसत नाही, अंगाने जड, त्यामुळे विजेच्या तारांवर आदळून पक्षी मरतात. एप्रिल 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला होता. मार्च 2024मध्ये तो शिथिल करून तज्ज्ञांची समिती नेमली. त्या तारांतून जाणारी सौरऊर्जा हवी, हे मलाही कळतं. पण ज्या आकाशात हा पक्षी उडतो ते आकाश आधी मोकळं करायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. सममधल्या प्रजनन केंद्रात 2019पासून अंडी उबवून पिल्लं वाढवली जात आहेत. ती पिल्लं पुढे सोडायची कुठे, तर याच गवतात.

दुपारी बाडमेर रस्त्यावरच्या आकलला गेलो. जुरासिक काळातल्या झाडांचे दगड झालेले ओंडके तिथे उघड्यावर पडलेले आहेत. उन्हाच्या वेळेला तिथे चिटपाखरू नव्हतं.

जाणार असाल तर एवढं ऐका. परवानगीसाठी कामकाजाचा एक दिवस हाताशी ठेवा, पाणी शहरातूनच भरून घ्या. वाट सोडून गवतात गाडी घालायला सांगू नका, त्यासाठी जास्त पैसे तर मुळीच देऊ नका. घरट्याचा फोटो काढू नका, जागा कुणाला कळवू नका. आणि तिकिटं काढण्याआधी पंचांग बघा.