संशयाचा फायदा कुणाला?

१० एप्रिल १९९३. ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड शेफील्ड वेन्सडेविरुद्ध एका गोलनं मागे आहे. दुसऱ्या डावात मुख्य पंच माइक पेक यांना दुखापत होते. ते बाहेर जातात आणि लाइन्समन जॉन हिल्डिच शिट्टी हाती घेतात. या अदलाबदलीत वेळ जातो. ८६व्या मिनिटाला स्टीव्ह ब्रूस हेडरनं बरोबरी साधतो. नव्वद मिनिटं संपतात, खेळ संपत नाही. ९६व्या मिनिटाला पुन्हा ब्रूस, पुन्हा हेडर. २-१. युनायटेडचे प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन यांचे सहायक ब्रायन किड थेट मैदानात शिरून गुडघे टेकतात. त्या मोसमात युनायटेडनं २६ वर्षांनी लीग जिंकली.

‘फर्गी टाइम’ची, म्हणजे फर्ग्युसन यांच्या युनायटेडला शेवटी मिळणाऱ्या जास्तीच्या वेळेची, गोष्ट निघाली की लोक या सामन्यापाशी येतात. बड्या क्लबांना पंच झुकतं माप देतात याचा हा पुरावा, असं सांगितलं जातं. मला हा पुरावा वाटत नाही. पंच बदलण्यात गेलेला वेळ खरोखरच वाया गेला होता, तो भरून द्यायलाच हवा होता. खरे पुरावे कुणाच्या लक्षातही राहत नाहीत अशा सामन्यांत आहेत.

*

तसा एक पुरावा स्पेनमधला आहे. लुईस गारिकानो, इग्नासिओ पालासिओस-उएर्ता आणि कॅनिस प्रेंडरगास्ट या तीन अर्थशास्त्रज्ञांनी स्पॅनिश लीगच्या १९९४-९५ आणि १९९८-९९ या दोन मोसमांतले ७५० सामने तपासले. त्यांनी पाहिलं एवढंच, की पंचांनी शेवटी इंज्युरी टाइम किती दिला. घरचा संघ एका गोलनं मागे असेल तर सरासरीपेक्षा ३५ टक्के जास्त. एका गोलनं पुढे असेल तर २९ टक्के कमी. म्हणजे एका स्थितीत दुसरीच्या जवळपास दुप्पट वेळ. दोन-तीन गोलांचा फरक असेल, सामन्याचा निकाल लागल्यातच जमा असेल, तर हा कल दिसत नाही.

दोन मोसमांच्या मध्ये स्पेनमध्ये विजयाचे गुण दोनावरून तीन झाले होते. जिंकण्याचं मोल वाढलं आणि पंचांचा कलही वाढला.

लाच नाही, फोन नाही, कुणाचं कुणाशी संगनमत नाही. हजारो लोक ओरडत असताना एक माणूस घड्याळाकडे बघतो आणि त्याला वाटतं की अजून थोडा वेळ द्यायला हवा. प्रामाणिकपणे वाटतं. मला यातलं हे ‘प्रामाणिकपणे’च सगळ्यात जड जातं.

*

पेनल्टी मोजणाऱ्यांसाठी एक नोंद. प्रीमियर लीगच्या एका मोसमात सर्वाधिक पेनल्टी मिळाल्याचा विक्रम युनायटेडनं २०१९-२० मध्ये केला, १४ पेनल्टी. हा आकडा तोंडावर फेकून बरेच जण वाद संपवतात. पण त्याआधीचा विक्रम १३ पेनल्टींचा होता आणि तो गाठणाऱ्यांत २००४-०५चा क्रिस्टल पॅलेस होता. तो संघ त्याच मोसमात खालच्या श्रेणीत गेला. अँडी जॉन्सनसारखा चपळ फॉरवर्ड वारंवार बॉक्समध्ये घुसायचा आणि बचावपटू त्याला पाडायचे. त्यानं एकट्यानं ११ गोल पेनल्टीवर केले.

बडा संघ बराच वेळ समोरच्याच्या बॉक्समध्ये खेळतो, तिथं त्याचे खेळाडू जास्त वेळा पडणारच. नुसत्या बेरजेतून पक्षपात सिद्ध होत नाही. विचारायचं ते हे: तसाच धक्का, त्याच जागी, दुसऱ्या जर्सीतल्या खेळाडूला बसला असता तर शिट्टी वाजली असती का?

*

हा प्रश्न इंग्लंडमध्ये जवळपास याच रूपात तपासला गेला. ॲलन नेव्हिल, निजेल बामर आणि मार्क विल्यम्स यांनी ४० पात्रताधारक पंचांना लिव्हरपूल विरुद्ध लेस्टर सिटी या सामन्याचं चित्रीकरण दाखवलं. त्यात ४७ झटापटी होत्या. प्रत्येक झटापटीनंतर पंचानं सांगायचं: फाउल आहे की नाही, असेल तर कुणाचा. काही पंचांना प्रेक्षकांच्या आवाजासह चित्र दाखवलं, उरलेल्यांना आवाज पूर्ण बंद करून. चित्र तेच, टॅकल तेच.

आवाज ऐकणाऱ्या पंचांनी घरच्या संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. पाहुण्यांविरुद्ध त्यांनी फार जास्त फाउल दिले असं नाही. घरच्यांच्या बाबतीत मात्र त्यांचा हात आखडला.

मैदानावर तर पंचाला हे सगळं धावता धावता, अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं. समोर बचावपटूची पाठ, पाय चेंडूला लागला की घोट्याला ते दिसलेलं नाही, आणि स्टँडमधून एकदम लाट उठते. जे डोळ्यांना दिसलं नाही ते कान सांगतात. गोंगाट हासुद्धा पंचाला एक पुरावा वाटतो आणि तो पुरावा नेहमी एकाच बाजूचा असतो.

*

२ फेब्रुवारी २००७ रोजी कातानिया-पालेर्मो सामन्याच्या वेळी दंगल झाली आणि फिलिप्पो राचिती हा पोलीस अधिकारी मारला गेला. त्यानंतर सुरक्षेच्या अटी पूर्ण न करणाऱ्या इटालियन स्टेडियमना प्रेक्षकांविना सामने घ्यावे लागले. स्वीडनच्या दोन संशोधकांनी त्या सामन्यांची तुलना केली. खेळाडूंच्या खेळात फरक सापडला नाही, पंचांच्या शिट्टीत सापडला. रिकाम्या स्टँडसमोर घरच्या संघाला मिळणारी सवलत आटली.

२०२० मध्ये कोविडनं हाच प्रयोग जगभर करून दाखवला. १६ मे रोजी जर्मनीची बुंडेसलीगा रिकाम्या मैदानांवर सुरू झाली, मागोमाग बाकीच्या लीग. पाहुण्या संघांना दाखवली जाणारी यलो कार्डं कमी झाली.

आणि जर्मनीतलंच एक निरीक्षण, मला फार आवडणारं. थॉमस डोमेन यांनी बुंडेसलीगाचे बारा मोसम अभ्यासले. ज्या स्टेडियममध्ये मैदानाभोवती धावपट्टी होती, म्हणजे प्रेक्षक काही मीटर मागे होते, तिथं पंचांचा घरच्या संघाकडचा कल कमी भरला.

*

इथवरचं सगळं घरच्या संघाबद्दल झालं. घरचं मैदान तर लहान क्लबलाही असतं. मग बड्यांचं काय वेगळं?

माझं उत्तर: लहान क्लबचा दबाव नव्वद मिनिटं आणि आपल्या मैदानापुरता असतो. बड्या क्लबचा दबाव पंचाबरोबर घरी येतो. ते परगावी खेळले तरी त्यांचे पाठीराखे मोठ्या संख्येनं हजर असतात. सामना जगभर दिसतो. त्यांच्याविरुद्ध दिलेली पेनल्टी पुढचे सात दिवस वाहिन्यांवर उलटसुलट दाखवली जाते. तळाच्या संघाविरुद्ध चुकलेला निर्णय रविवारच्या रात्रीच्या हायलाइट्समध्ये अर्धा मिनिट येतो आणि विरतो. पंचही माणूस आहे. कुठली चूक महागात पडते हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

*

अँडर्स फ्रिस्क. स्वीडनचे, युरोपातल्या नावाजलेल्या पंचांपैकी एक. सप्टेंबर २००४ मध्ये रोममध्ये स्टँडमधून आलेली वस्तू लागून त्यांचं डोकं रक्तबंबाळ झालं आणि सामना सोडून द्यावा लागला. त्यातून ते परत उभे राहिले. फेब्रुवारी २००५ मध्ये बार्सिलोना-चेल्सी सामन्यात त्यांनी चेल्सीच्या द्रोग्बाला बाहेर काढलं. बार्सिलोनाचे प्रशिक्षक रायकार्ड मध्यंतरात फ्रिस्क यांच्या खोलीत गेले होते, असा आरोप चेल्सीच्या जोझे मोरिन्हो यांनी केला. त्यानंतर फ्रिस्क यांच्या कुटुंबापर्यंत धमक्या पोचल्या आणि मार्चमध्ये त्यांनी शिट्टी कायमची खाली ठेवली. युएफानं मोरिन्होंवर दोन सामन्यांची बंदी घातली.

दोन सामने. त्या बदल्यात एका माणसाचं सगळं काम गेलं. युरोपातल्या प्रत्येक तरुण पंचानं हे पाहिलं असणार. बड्या क्लबसमोर पंच कचरतात असं म्हणणाऱ्यांनी फ्रिस्क यांचं नाव विसरू नये.

*

इटलीतलं २००६चं काल्चोपोली प्रकरण मी या विषयात मुद्दाम वेगळं ठेवतो. युव्हेंटसचे व्यवस्थापक लुचानो मोज्जी हे पंचांच्या नेमणुका करणाऱ्या पैरेत्तो आणि बेर्गामो यांच्याशी फोनवरून संपर्कात होते. ते फोन टॅप झाले होते. युव्हेंटसची दोन विजेतेपदं काढून घेतली गेली, क्लब सेरी बीमध्ये गेला, मिलान, फिओरेंटिना, लात्सिओ यांनाही शिक्षा झाली. तिथं व्यवस्थाच वाकवली गेली होती. पोलीस, न्यायालय, बंदी हे तिथले इलाज आहेत.

पण एक गोष्ट तिथून घेण्यासारखी आहे. मोज्जींना पंच विकत घ्यायची गरज नव्हती. कुठल्या सामन्याला कोण जाणार, एवढं कळलं, त्यावर बोलता आलं, की पुरे. आपली पुढची नेमणूक ज्यांच्या हातात आहे ते कुणाशी बोलतात, हे पंचाला ठाऊक असतं.

स्पेनमध्ये आज तोच संशय घोंघावतो आहे. पंच समितीचे माजी उपाध्यक्ष नेग्रेइरा यांच्या कंपन्यांना बार्सिलोनानं २००१ ते २०१८ या काळात ७० लाख युरोंहून अधिक रक्कम दिली, हे २०२३ मध्ये बाहेर आलं. हे पैसे तांत्रिक अहवालांसाठी होते, असं क्लब म्हणतो आणि लाचेचा आरोप नाकारतो. एकाही शिट्टीवर परिणाम झाला नसेल असं धरलं, तरी पंचांच्या बढतीत ज्याचा शब्द चालू शकतो अशा माणसाला एका क्लबकडून पैसे जाणं, हे लीगमधल्या बाकी सगळ्या क्लबांचा अपमान करणारं आहे.

*

जानेवारी २०२१. लिव्हरपूलचे प्रशिक्षक क्लॉप सामन्यानंतर म्हणाले, युनायटेडला दोन वर्षांत जेवढ्या पेनल्टी मिळाल्या तेवढ्या आपल्याला साडेपाच वर्षांत मिळाल्या नाहीत. पुढे युनायटेडचे सोल्शायर यांची तक्रार, की त्या बोलण्यानंतर आम्हाला पेनल्टी मिळेनाशा झाल्या. एका बड्याचा दबाव दुसऱ्या बड्यावर. यात तळाच्या क्लबच्या प्रशिक्षकाचं वाक्य कुणी छापलं असतं का?

*

१४ ऑगस्ट २०२३, पुन्हा ओल्ड ट्रॅफर्ड. वुल्व्ह्ज एका गोलनं मागे. इंज्युरी टाइम चालू आहे. उंच चेंडू येतो, युनायटेडचा गोलकीपर ओनाना तो पकडायला उडी घेतो, चेंडू हुकतो आणि ओनाना वुल्व्ह्जच्या कालायजिचवर जोरात आदळतो. पंच सायमन हूपर पेनल्टी देत नाहीत. व्हीएआरच्या, म्हणजे व्हिडिओ पाहणाऱ्या सहायक पंचांच्या, खोलीतूनही निर्णय बदलत नाही. सामना संपल्यावर पंच संघटनेचे जॉन मॉस यांनी वुल्व्ह्जचे प्रशिक्षक गॅरी ओनील यांच्याकडे चूक कबूल केली. त्या पंचांना पुढच्या आठवड्यात नेमणूक मिळाली नाही.

वुल्व्ह्जला गुण मिळाला नाही. माफीनं गुणतक्ता हलत नाही आणि तळाशी झगडणाऱ्या क्लबला एका गुणाची किंमत बड्या क्लबपेक्षा कितीतरी जास्त असते. श्रेणी गेली तर टीव्हीचा पैसा जातो, खेळाडू जातात, क्लबच्या कार्यालयातल्या लोकांच्या नोकऱ्याही जातात. ओल्ड ट्रॅफर्ड, गर्दीचा आवाज, शेवटची मिनिटं, घरचा संघ एका गोलनं पुढे: वर सांगितलेल्या अभ्यासांत जे जे आलं ते सगळं त्या एका क्षणात हजर होतं. ‘बळी तो कान पिळी’ एवढं सोपं हे नाही, कारण हूपर यांनी कुणाचं भलं करायचं ठरवलं होतं असं मी म्हणणार नाही. पण व्हीएआरच्या बंद खोलीत तर स्टेडियमचा गोंगाट नव्हता. तिथंही निर्णय बदलला नाही, याचा मला जास्त त्रास होतो.

पुढच्या वर्षी, जून २०२४ मध्ये, व्हीएआर बंद करावं असा प्रस्ताव वुल्व्ह्जनं लीगसमोर ठेवला. १९ विरुद्ध १ मतांनी तो पडला. वुल्व्ह्ज एकटे पडले. मीसुद्धा त्यांच्या विरुद्ध मत दिलं असतं. यंत्र काढून टाकलं तर गोंगाटाला पुन्हा मोकळं रान मिळेल.

*

आपल्याकडे आयएसएलमध्ये व्हीएआर नसतानाची गोष्ट. ३ मार्च २०२३, बेंगळुरू, बाद फेरी, जादा वेळ. केरळ ब्लास्टर्सची भिंत उभी राहत असतानाच बेंगळुरूच्या सुनील छेत्रीनं फ्री किक मारून गोल केला. पंचांनी तो मान्य केला. प्रशिक्षक वुकोमानोविच यांनी संघ मैदानाबाहेर काढला. पुढे भारतीय फुटबॉल महासंघानं क्लबला चार कोटींचा दंड केला आणि प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी घातली. ब्लास्टर्स लहान क्लब मुळीच नाही, देशात सर्वाधिक पाठीराखे असलेल्यांपैकी तो एक आहे. फ्री किक झटपट घेता येते, हा नियम आहे. पंचांशी आपलं मत जुळत नसेल तर मैदान सोडणं मला कधीच पटणार नाही. तरी पंचाला एकदा स्क्रीनसमोर जाऊन पाहता आलं असतं तर केरळच्या पाठीराख्यांच्या मनात इतकी कटुता राहिली नसती.

*

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण असा सामना असतो तेव्हा कोण बडा, कोण छोटा हा प्रश्नच वेगळा होतो. दोन्हीकडं पेठा आहेत, तालमी आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांची ईर्ष्या आहे. स्थानिक पंचाला सामना संपल्यावर त्याच शहरात राहायचं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या गाड्यावर त्याला विचारणारे दोन्ही बाजूंचे लोक भेटणार. स्पेनच्या अर्थशास्त्रज्ञांनी जो दबाव मोजला, तो इथं पंचाच्या शेजारीच राहतो.

*

वेळेच्या बाबतीत तरी इलाज दिसतो. कतारच्या २०२२ विश्वचषकात पंचांना सांगितलं गेलं की वाया गेलेला वेळ खरोखर मोजा: गोलनंतरचा जल्लोष, बदली खेळाडू, दुखापत, सगळं. इंग्लंड-इराण सामन्यात दोन्ही डाव मिळून पंचवीस मिनिटांहून जास्त वेळ वाढला. लोक वैतागले. मला समाधान वाटलं, कारण मोजलेल्या वेळेत पंचाच्या मनाचा कल शिरायला जागा कमी उरते.

रग्बीत घड्याळ थांबवतात, हॉकीत थांबवतात. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळानंही २०१७ मध्ये तीस-तीस मिनिटांच्या दोन डावांची कल्पना चर्चेला ठेवली होती, चेंडू खेळात असेल तेव्हाच घड्याळ चालेल अशी. ती अजून कागदावरच आहे. ती आधी खालच्या लीगमध्ये आणावी. घड्याळ पंचाच्या मनगटावरून काढून मैदानाबाहेर बसलेल्या वेळाधिकाऱ्याकडे द्यावं आणि ते स्टँडमधल्या प्रत्येकाला दिसेल असं लावावं.